माती उन्हाला सरावते की तिचे कोठार रिकामे होते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही घोडबंदर रस्त्याला राहता आणि तुमची वडिलोपार्जित जमीन शहापूर तालुक्यात आहे: खाली भाताची खाचरे, वर थोडा वरकस, म्हणजे हलक्या मातीचा माळ. अमेरिकेतल्या एका जंगलात पंचवीसहून अधिक वर्षे माती मुद्दाम तापवत ठेवली, काही वर्षांनी तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कमी झाला आणि त्याअर्थी जिवाणू उष्णतेला सरावले, असे तुमच्या वाचनात आले. त्यावरून तुम्ही विचारता की, आपल्याकडची माती मुळातच इतकी तापते, तर आणखी एक-दोन अंशांनी तिचे काय बिघडणार? तिच्यातले जीव मरतील की सरावतील? आणि मरणार असतील तर दर मे महिन्यात जिवाणू खताच्या बाटल्या आणून माळावर ओताव्यात का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. मे महिन्यात बाटल्या ओतू नका. त्याचे कारण पुढे ओघात येईलच.

माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. ठाण्यात बरीच वर्षे शिकवल्यानंतर आता मी तुर्भ्याच्या एका माती-परीक्षण प्रयोगशाळेचे सल्ल्याचे काम पाहते. ‘मरतील की सरावतील’ असा प्रश्न विचारताना आपण मातीला एकच प्राणी समजतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. प्रत्यक्षात एका ग्रॅम मातीत कोट्यवधी, कधी अब्जावधी पेशी असतात, जाती हजारो असतात आणि कोणत्याही क्षणी त्यातल्या बहुसंख्य निद्रिस्त असतात. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: किती जीव आहेत, कोण आहेत आणि ते काय काम करत आहेत. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड यातली फक्त तिसरी गोष्ट सांगतो, तीही ढोबळ.

एखाद्या खानावळीत आज भात कमी खपला, एवढेच तुम्हाला कळले असे समजा. त्याची कारणे निदान तीन असू शकतात. जेवणारे कमी आले असतील, आलेले लोक कमी खाणारे असतील किंवा पातेल्यातला भातच संपला असेल. ‘जिवाणू सरावले’ हा निष्कर्ष यातल्या मधल्या कारणावर बोट ठेवतो, पण बाकीची दोन तपासल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. या विषयातला पंचवीस-तीस वर्षांचा वाद बव्हंशी याच मुद्द्यावर झाला आहे.

तुम्ही वाचलेला प्रयोग मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टचा असणार. जेरी मेलिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिथे जमिनीखाली १० सेंटीमीटरवर विजेच्या तारा पुरल्या आणि माती आजूबाजूच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सियसने गरम ठेवली. त्यांची मला सर्वांत आवडलेली खबरदारी म्हणजे, काही वाफ्यांत त्यांनी तारा पुरल्या पण वीज कधी सोडलीच नाही. खणल्यामुळे माती ढवळली जाते, हवा आत शिरते आणि तेवढ्यानेही जीव चाळवतात. तो परिणाम उष्णतेच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून ही सोय होती. आपल्याकडे शेतावर ‘प्रयोग’ करणारे बहुतेक लोक नेमके इथेच फसतात.

त्या प्रयोगाचा २६ वर्षांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मातीची वाटचाल चार टप्प्यांत दिसते. पहिली सुमारे दहा वर्षे तापवलेली माती साध्या मातीपेक्षा बराच जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत होती. मग काही वर्षे दोन्हींत फरकच दिसेना. ‘माती सरावली’ ही बातमी या काळाची आहे. त्यानंतर तिसऱ्या टप्प्यात उत्सर्जन पुन्हा वाढले आणि चौथ्यात पुन्हा ओसरले. कोणी अभ्यास दुसऱ्या टप्प्यातच थांबवला असता, तर पाठ्यपुस्तकात आज चुकीचे वाक्य छापलेले असते.

याचा अर्थ संशोधक असा लावतात की, आधी सहज पचणारा कर्ब (कार्बन) संपला: साखरेसारखी द्रव्ये, कोवळा पालापाचोळा, मुळांचे स्राव. मधल्या शांततेच्या काळात जिवाणू-बुरशींच्या समूहाची रचना बदलली आणि लाकडातल्या लिग्निनसारखे चिवट पदार्थ फोडू शकणाऱ्यांचे बळ वाढले. मग तो चिवट साठाही जळू लागला. म्हणजे जी शांतता ‘सराव’ म्हणून वाचली गेली, ती एक पातेले रिकामे होऊन दुसऱ्याचे झाकण उघडेपर्यंतची होती. हे स्पष्टीकरण मला पटते, मात्र ते प्रामुख्याने थंड प्रदेशातल्या, पालापाचोळ्याचा जाड थर असलेल्या जंगलाचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आइसलँडमध्ये निसर्गानेच असा प्रयोग मांडून ठेवला आहे. तिथे भूगर्भातल्या उष्णतेने काही गवताळ जमिनी ५० वर्षांहून अधिक काळ तापलेल्या आहेत. जवळच २००८ च्या भूकंपानंतर नव्याने तापू लागलेल्याही आहेत. जुन्या तापलेल्या मातीतले जीव तपासल्यावर असे आढळले की, त्यांच्या शरीरक्रियेत सरावल्याची खूण नव्हती. प्रत्येक जीव आपल्या वाट्याचे काम वेगानेच करत होता. पण सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान घटले होते, कारण खायला उरले नव्हते. पन्नास वर्षे हा सरावासाठी थोडा अवधी नव्हे. म्हणून ‘सरावतील का’ या प्रश्नाला माझे उत्तर असे: थोडेफार सरावतात, कोण वरचढ ठरतो तेही बदलते, पण दीर्घ मुदतीत उत्सर्जन ओसरण्यामागे मोठा वाटा रिकाम्या कोठाराचा असतो.

आता ओलाव्याबद्दल. इथे माझी स्वतःची एक फजिती सांगावी लागेल, कारण या मुद्द्याचे महत्त्व मला पुस्तकातून कळले नाही. शिकवण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी येऊरच्या डोंगरावरची तांबडी माती आणून बरण्यांत भरली होती. पद्धत जुनीच आहे. चाळलेली शंभर ग्रॅम माती घेऊन तिच्यात बेताचे पाणी घालायचे, बरणीत सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी वाटी ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचे. माती श्वास सोडते, तो त्या अल्कलीत विरघळतो. आठवड्याने वाटी काढून बेरियम क्लोराइड घातले की पांढरा साका बसतो. मग फिनॉल्फथेलिन या दर्शक द्रव्याचा गुलाबी रंग जाईपर्यंत थेंबथेंब आम्ल सोडायचे. रंग जितका लवकर जाईल, तितका मातीने श्वास जास्त सोडलेला. निम्म्या बरण्या मी २५ अंशांवर ठेवल्या होत्या आणि निम्म्या ४० अंशांवर.

पहिले दोन आठवडे ४० अंशांच्या बरण्या जोरात होत्या. सहाव्या आठवड्यात त्या २५ अंशांच्या बरण्यांच्याही खाली आल्या आणि मी वहीत लिहून मोकळी झाले की, उष्णतेमुळे जिवाणू मेले. आमचे प्रयोगशाळा-सहायक त्या खोलीत माझ्यापेक्षा वीस वर्षांनी जुने. त्यांनी माझ्या तक्त्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “मॅडम, बरण्यांचं वजन केलंत का?” मी केले नव्हते. हवा देण्यासाठी दर आठवड्याला झाकणे उघडली जात होती आणि तेवढ्या वेळात गरम बरण्यांतले पाणी निघून जात होते. वजन भरून येईपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घातले, तेव्हा दोनच दिवसांत त्या ‘मेलेल्या’ मातीने गुलाबी रंग असा झटपट घालवला की मलाच लाज वाटली. मी उष्णता मोजत आहे असे समजत होते आणि मोजत होते कोरडेपणा.

हीच गाठ मोठ्या प्रयोगांतही पडते, फरक इतकाच की तिथले लोक ती उघड मान्य करून तिचा हिशेब मांडतात. ओक्लाहोमाच्या गवताळ जमिनीवर २००९ पासून जिझाँग झोऊ यांच्या गटाचा तापवण्याचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या सात वर्षांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये आलेल्या अहवालात जिवाणूंची जातिविविधता ९.६ टक्के, बुरशींची १४.५ टक्के आणि आदिजीवांची (प्रोटिस्ट या एकपेशीय जीवांची) ७.५ टक्के घटल्याचे दिसते. ही घट उष्णता आणि तिच्यामुळे कमी झालेला ओलावा यांची मिळून आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. माती तापली की ती वाळते, आणि वाळली की पाण्याचे कणाकणांमधले पातळ पापुद्रे तुटतात. मग जिवाणू शेजारी पडलेल्या अन्नापर्यंतही पोहोचू शकत नाही. बुरशी आपल्या तंतूंनी कोरड्या पोकळ्या काही प्रमाणात ओलांडते, म्हणून एकेका कोरड्या काळात ती जिवाणूंपेक्षा जास्त तग धरते असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचाही नाही. तरी या प्रयोगात वर्षानुवर्षे तापवल्यानंतर विविधतेची सर्वाधिक हानी बुरशींचीच झाली. असे आकडे मला सोप्या विधानांपासून दूर ठेवतात.

विविधतेच्या आकड्यांकडे पाहताना आणखी एक पथ्य पाळावे. आजकाल मातीतला डीएनए वाचून यादी तयार करतात. पण मेलेल्या पेशींचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून बराच काळ टिकतो आणि यादीत जिवंतांच्या शेजारी मृतांचीही नावे येतात. एखादी खासगी प्रयोगशाळा तुम्हाला असा रंगीत अहवाल देऊ लागली, तर त्यासोबत श्वसनाचे किंवा सूक्ष्मजीव-वस्तुमानाचे मोजमाप आहे का, ते आधी विचारा.

‘आपली माती आधीच तापलेली आहे, तिला काय फरक पडणार’ या तुमच्या तर्काकडे वळते. तो स्वाभाविक आहे आणि एकेकाळी पुष्कळ तज्ज्ञांचाही होता. उष्ण प्रदेशातली माती तापमानवाढीला कमी प्रतिसाद देईल, असे मानले जाई. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर सखल पावसाळी जंगलाची माती खोलपर्यंत ४ अंशांनी तापवली, तेव्हा दोन वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ५५ टक्क्यांनी वाढले. हे निष्कर्ष २०२० चे आहेत आणि त्यांनी तो जुना भरवसा मोडला. अर्थात दोन वर्षे म्हणजे हार्वर्डच्या हिशेबाने पहिल्या टप्प्याची नुसती सुरुवात. पुढे तिथेही ओहोटी येऊ शकते.

शिवाय शहापूर म्हणजे पनामा नव्हे. आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने माळ वाळत जातो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघड्या वरकसावर माती-तापमापी पाच सेंटीमीटर खोचून पाहा आणि मग तीच सागाच्या पानांचा थर असलेल्या बांधाखाली खोचा. मी हे विद्यार्थ्यांकडून दरवर्षी करून घेत असे आणि दोन्हींतला फरक पाहून त्यांचा विश्वास बसत नसे. उघड्या मातीचा पृष्ठभाग आपल्याकडे उन्हाळ्यात ५० अंशांच्या पुढे सहज जातो. त्या थरात त्या वेळी काम जवळपास बंद असते. जे जगतात ते बीजाणूंच्या रूपात, कणांच्या आतल्या बारीक छिद्रांत किंवा खालच्या थरात.

मग पहिला पाऊस येतो. ज्याला आपण मातीचा सुगंध म्हणतो, तो बराचसा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते प्रामुख्याने स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू तयार करतात. त्याच वेळी डोळ्यांना न दिसणारी दुसरी घटना घडते. वाळलेली माती अचानक भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ते सविस्तर मांडले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. माझ्या बरण्यांनी दोन दिवसांत जे केले ते हेच. उन्हात मेलेल्या पेशी, फुटलेल्या ढेकळांतून मोकळा झालेला कर्ब आणि पाण्याच्या धक्क्याने पेशींनी बाहेर टाकलेली द्रव्ये हे सगळे उरलेल्यांचे भोजन होते. एक लोंढा एक वेळ परवडतो. पण पाऊस पडावा, मग पंधरा दिवस कडक ऊन पडावे, पुन्हा एक सर येऊन पुन्हा उघडीप व्हावी, असे जूनमध्ये वारंवार होऊ लागले तर प्रत्येक वेळी कोठारातून एक मापटे बाहेर जाते. सरासरी तापमान एक अंशाने वाढण्यापेक्षा आपल्या वरकस जमिनीला हा हेलकावा जास्त महाग पडेल, असे माझे मत आहे. ते मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. कोकणातल्या मातीवर हार्वर्डसारखा दीर्घकाळ चाललेला तापवण्याचा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही, आणि परदेशातले आकडे उचलून इथे चिकटवणे मी टाळते.

खाचरांचा हिशेब निराळा आहे. पाणी उभे असताना तिथे प्राणवायूच अपुरा असतो, त्यामुळे कुजणे मंदावते आणि मिथेन तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) कामाला लागतात. तिथे उष्णता वाढली तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेनकडे आधी लक्ष द्यावे लागेल. याचे टोकाचे रूप पाहायचे असेल तर ओहोटीच्या वेळी लोकलने वाशीचा खाडीपूल ओलांडताना दारात उभे राहा. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो खारफुटीच्या चिखलात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचा. प्राणवायूविना तो चिखल कर्ब साठवत राहतो. म्हणून ‘ठाणे जिल्ह्यातल्या मातीचे काय होईल’ असे कोणी विचारले तर मी आधी विचारते: कुठल्या, माळाच्या, खाचराच्या की खाडीच्या?

आता तुमच्या माळावर काय करावे ते सांगते. वरच्या सगळ्या चर्चेतून दोन सूत्रे हाती लागतात: कोठार रिकामे होऊ द्यायचे नाही आणि ओलाव्याचे हेलकावे कमी करायचे. दोन्हींवर एकच उपाय निम्म्याहून अधिक काम करतो, तो म्हणजे माती उघडी न ठेवणे. गवत, पालापाचोळा, भाताचा पेंढा, जे हाती असेल ते पसरून टाका. पेंढा गुरांना लागत असेल तर निदान बांधावरचे तण कापून तिथेच पडू द्या. सावलीतली माती कमी तापते आणि सावकाश वाळते. वर पसरलेला पाला हळूहळू खाली उतरून जिवाणूंच्या पोटात जातो. त्यांची मेलेली शरीरेच पुढे मातीच्या कणांना चिकटून टिकाऊ सेंद्रिय कर्बाचा मोठा भाग बनतात. उष्णता वाढली की जिवाणू खाल्लेल्यातला जास्त वाटा श्वासावाटे उडवतात आणि कमी वाटा शरीर बांधण्यात घालतात, असे बहुतेक वेळा दिसते. त्यामुळे तापलेल्या मातीत तेवढाच साठा राखायलाही खुराक जास्त लागतो.

राबाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण शहापूरची जमीन म्हटल्यावर तो विषय टाळता येत नाही. रोपांच्या वाफ्यावर फांद्या, शेण आणि पाला भाजण्याची पद्धत मूर्खपणाची नव्हती. त्याने तणांचे बी मरते आणि राखेतून पालाश व थोडे स्फुरद मिळते. आच वरच्या थोड्या थरालाच लागते आणि खालून जिवाणू पुन्हा वर येतात, त्यामुळे ‘राबाने माती कायमची मरते’ हे विधानही मला मान्य नाही. तोटा दुसरीकडे होतो. ज्या फांद्या आणि पाला माळावर कुजून कोठार भरू शकला असता, तो एका सकाळी धूर होऊन जातो. तुमच्या घरचे राब भाजत असतील तर क्षेत्र लहान ठेवा आणि माळाचा पाला तरी त्यात घालू नका. एवढी तडजोड घरातल्या जुन्या माणसांच्या गळी उतरते, असा माझा अनुभव आहे.

बाटल्यांचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल. ५० अंशांच्या कोरड्या, रिकाम्या पोटाच्या मातीवर प्रयोगशाळेत लाडात वाढलेले जिवाणू ओतले, तर त्यांना पाणी नाही, अन्न नाही आणि वर अब्जावधी स्थानिकांशी स्पर्धा. जिवाणू संवर्धक निरुपयोगी असतात असे मी म्हणत नाही. वालाच्या किंवा तुरीच्या बियाण्याला पेरणीच्या दिवशी सावलीत योग्य रायझोबियम (मुळांवर गाठी करणारा जिवाणू) चोळले, तर त्याला मूळ मिळते आणि मुळाबरोबर जेवण. बाटलीवरची अंतिम तारीख मात्र पाहा, आणि दुकानदाराने ती उन्हात मांडलेली असेल तर घेऊ नका.

सरतेशेवटी मोजमाप. माळावरच्या एका ठरलेल्या जागी खुंटी ठोका. दरवर्षी तिथूनच, ० ते १५ सेंटीमीटरचा नमुना घ्या: एकदा मे अखेरीस कोरडा आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर वाफसा येईल, म्हणजे माती ओली पण चिखल नसेल, तेव्हा. सेंद्रिय कर्ब साध्या परीक्षणातही कळतो. श्वसन मोजायचे असेल तर नमुना पिशवीत घट्ट न कोंबता, सावलीत ठेवून दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवा. पाच वर्षांच्या नोंदी होण्याआधी काही बरा-वाईट निष्कर्ष काढू नका. आणि बरणीची पद्धत घरी करून पाहायची हौस वाटली तर जरूर करा, फक्त अल्कली आणि बेरियम हाताळताना हातमोजे व चष्मा घाला, आणि दर आठवड्याला बरण्यांचे वजन करा.